सीओटू सिलिंडर भरायचे पैसे नक्की कशाचे लागतात?

घरी बिअर बनवणारे आमचे बहुतेक ग्राहक काउंटरवर हेच विचारतात की सीओटूचा (बिअरमध्ये फसफस आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा) छोटा सिलिंडर भरायला एवढे पैसे आणि त्याच्या दुप्पट मोठा भरायला थोडेच जास्त, असं कसं काय? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सरळ लिहूनच देतोय.

तुम्ही देता त्यातला गॅसचा वाटा लहान असतो, बाकी सगळे पैसे हाताळणीचे. सिलिंडर आला की आधी खांद्यावर ठोकलेली दाबाच्या टेस्टची तारीख बघायची, मग गंज, पोचे, व्हॉल्व्ह बघायचा, उरलेला गॅस सोडायचा, रिकामं वजन ठोकलेल्या वजनाशी जुळतंय का ते बघायचं, काट्यावर ठेवून भरायचा आणि शेवटी लीक चेक करायचा. 2 किलोचा असो नाहीतर 10 किलोचा, मेहनत जवळपास तेवढीच. म्हणून आमचा सल्ला कायम एकच, की फ्रीजच्या बाहेर जागा असेल तर मोठा सिलिंडर घ्या. सुरुवातीला जास्त पडतात पण किलोमागे गॅस बराच स्वस्त पडतो आणि फेऱ्याही वाचतात.

आता एक सिलिंडर किती केगला (बिअरच्या दाबबंद पिंपाला) पुरतो त्याचा हिशोब. 19 लिटरचा केग नेहमीच्या अडीच व्हॉल्यूमला कार्बोनेट करायचा (म्हणजे बिअरच्या अडीचपट आकारमानाचा गॅस तिच्यात विरघळवायचा) तर लिटरमागे साधारण 5 ग्रॅम सीओटू लागतो, पण फर्मेंटेशनचा थोडा गॅस बिअरमध्ये आधीच असतो, त्यामुळे सिलिंडरमधून 60-65 ग्रॅमच जातात. तेवढाच गॅस पुढे बिअर नळातून ढकलायला लागतो. म्हणजे केगमागे 130 ग्रॅम धरा, आणि केग सॅनिटायझरने काठोकाठ भरून गॅसने रिकामा करत असाल तर अजून 40-45 ग्रॅम. या हिशोबाने 2 किलोत 11 ते 15 केग व्हायला पाहिजेत. तुमचे चार-पाचच होत असतील तर आमच्या रेटवर घासाघीस करून काही वाचणार नाही, गॅस दुसरीकडूनच चाललाय.

लीक शोधायला फार काही लागत नाही. सिस्टीम प्रेशरवर आणा, केगच्या लाइन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा, सकाळी रेग्युलेटरचा (सिलिंडरवर बसवलेल्या, प्रेशर कमी करणाऱ्या यंत्राचा) काटा खाली आलेला असेल तर कुठेतरी लीक आहे. मग साबणाचं पाणी घेऊन आधी सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधला वॉशर बघा, बऱ्याचदा तोच दबलेला किंवा चिरलेला सापडतो, नंतर केगच्या झाकणाची ओ-रिंग, मग पॉपेट (केगच्या जोडणीतला छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह), मग पाइपांचे क्लॅम्प. एवढ्याशा वॉशरपायी रात्रीत अख्खा सिलिंडर रिकामा झालेले लोक आमच्याकडे आलेत आणि आम्हाला त्याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरी नेहमीची तक्रार, "कालच भरला आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर प्रेशर उतरलं, तुम्ही कमी भरला." तसं नसतं हो. आत सीओटू द्रवरूपात असतो आणि त्याचं प्रेशर तापमानावर ठरतं, 20 अंशांना सुमारे 57 बार आणि 4 अंशांना 38-39 बार. तापमान तेच असेल तर द्रव संपेपर्यंत प्रेशरचा काटा जागचा हलत नाही आणि गॅस वापरताना तो हलायला लागला की साधारण पाव भाग किंवा त्याहून कमीच उरलेला असतो. किती शिल्लक आहे ते फक्त वजनाने कळतं, सिलिंडरवर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा की झालं. भरून दिल्यावर आमच्यासमोरच वजन करून घ्या, आम्हाला आवडेल.

आणि "अजून थोडा घाला ना" असं प्लीज म्हणू नका. सिलिंडरमध्ये जेवढं पाणी मावतं त्याच्या वजनाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच सीओटू भरायचा असतो, नक्की किती ते जिथले नियम तिथे. गरम झाल्यावर द्रव फुगतो, जागा उरली नाही तर सेफ्टी डिस्क (प्रेशर फार वाढलं की फुटणारी व्हॉल्व्हवरची चकती) फुटते आणि सगळा गॅस एकदम बाहेर येतो.

बदली (रिकामा देऊन दुसरा भरलेला न्यायचा) की स्वतःचाच भरून घ्यायचा? बदलीत थांबावं लागत नाही आणि टेस्टची कटकट आमच्याकडे, पण तुमचा नवा चकचकीत अॅल्युमिनियमचा जातो आणि कोणाचातरी ओरखडे पडलेला येतो. स्वतःचा असेल तर हायड्रोटेस्टचा, म्हणजे पाण्याने दाब देऊन करायच्या त्याच टेस्टचा, खर्च धरून चाला, मुदत बऱ्याच ठिकाणी 5 वर्षं असते, काही ठिकाणी 10, आणि ती उलटली की आम्ही भरूच शकत नाही. जुना सिलिंडर स्वस्तात घेताय तर आधी ती तारीख वाचा. आग विझवायचा जुना सिलिंडर तर घेऊच नका, त्यात तळापर्यंत नळी असते, त्यातून द्रव थेट रेग्युलेटरमध्ये येतो.

कधीकधी आमचाच खरेदीचा रेट वाढतो, तेही सांगून ठेवतो. बाजारातला बराचसा सीओटू खताच्या कारखान्यांत अमोनिया बनवताना निघतो, ते बंद पडले की टंचाई होते. 2018 च्या उन्हाळ्यात युरोपात तसंच झालं होतं.

सिलिंडर आणताना अगदी रिकामा करू नका, थोडं प्रेशर ठेवून व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, नाहीतर आत ओल जाते आणि स्टीलचा असेल तर आतून गंजतो. गाडीत तो उभा आणि बांधलेला पाहिजे, काचा थोड्या उघड्या ठेवा, कारण 1 किलो सीओटू म्हणजे 500 लिटरच्या वर गॅस होतो आणि बंद गाडीत तो जीवावर बेतू शकतो. आणि उन्हात तापलेला आणू नका, गार असला की लवकर भरतो आणि त्याला थंड करण्यात तुमचा गॅस वाया जात नाही.