सूर्यघड्याळ: तिरका खांब आणि उभा माणूस

बागेत फरशीवर आकडे कोरायचे, मधोमध एक उभा खांब रोवायचा आणि त्याला सूर्यघड्याळ म्हणायचं, हा प्रकार आता थांबायला हवा. दोन वेगळ्या यंत्रांची ती खिचडी आहे आणि तिच्यात वेळ कळत नाही.

तिरक्या खांबाचं घड्याळ सगळ्यांना माहीत असतं. खांबाची धार अक्षांशाइतक्या कोनात उचललेली आणि ध्रुवाकडे रोखलेली असते. दुसरं घड्याळ असतं माणसाच्या सावलीचं: लंबवर्तुळावर तासांचे दगड, मध्ये उत्तर-दक्षिण महिन्यांची पट्टी. आजच्या तारखेवर उभं राहायचं, सावली वेळ दाखवते.

गोंधळ होतो तो इथे. तिरकी धार पृथ्वीच्या अक्षाला समांतर असल्याने तिच्या सावलीची दिशा फक्त वेळेवर ठरते. जून असो वा डिसेंबर, नऊची सावली नऊच्याच रेषेवर. उभ्या वस्तूची सावली मात्र वेळ आणि तारीख दोन्हींवर अवलंबून असते. 20 अंश उत्तर अक्षांशावर सूर्याच्या वेळेने सकाळी नऊला ती 22 डिसेंबरला उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे 47 अंशांवर पडते, 21 जूनला सुमारे 103 अंशांवर. तास तोच, फरक 56 अंशांचा! म्हणून दगड जागेवर ठेवून माणसाला सरकवावं लागतं. लंबवर्तुळाच्या मध्यावर खांब किंवा पुतळा कायमचा बसवला, तर याच ठिकाणी डिसेंबरात नऊ वाजता साधारण 10:38 वाचले जातील. तिथे शोभेचा पुतळा अजिबात नको.

मापं अशी. लंबवर्तुळाचा पूर्व-पश्चिम अर्धा अक्ष 2 मीटर धरा. उत्तर-दक्षिण अर्धा अक्ष म्हणजे 2 गुणिले अक्षांशाची ज्या (sine; कोज्या म्हणजे cosine, स्पर्शज्या म्हणजे tangent). 20 अंशांवर 68 सेंमी. तासाचा दगड मध्यापासून पूर्व-पश्चिम 2 × ज्या(ता) आणि उत्तरेला 0.68 × कोज्या(ता) मीटरवर येतो. 'ता' म्हणजे मध्यान्हापासून दर तासाला 15 अंश. तारखेची जागा = 2 × कोज्या(अक्षांश) × स्पर्शज्या(सूर्याची क्रांती). क्रांती म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. विषुवदिनी ती बरोबर मध्यावर, अयनदिनी (21 जून, 22 डिसेंबर) सुमारे 81 सेंमी उत्तरेला किंवा दक्षिणेला. म्हणजे या अक्षांशावर जूनमध्ये माणूस लंबवर्तुळाच्या बाहेर उभा राहतो. चूक वाटून पट्टी कापू नका, ते बरोबर आहे.

महिन्यांचे चौकोन सारखे आखणं ही दुसरी हमखास चूक. 1 ते 21 मार्च या पट्ट्याला सुमारे 25 सेंमी लागतात, 1 ते 21 जूनला जेमतेम 5-6.

पट्टीवर इंग्रजी आठच्या आकाराची आकृती काढून तिच्यावर उभं राहायला सांगतात, तेही चुकीचं. बाजूला सरकल्याने घड्याळाची वेळ मिळत नाही. उभं मधल्या रेषेवरच राहायचं आणि फरक शेजारच्या तक्त्यावरून घ्यायचा: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. शिवाय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला 4 मिनिटं.

दोन्ही घड्याळांना उत्तर दिशा लागते ती भौगोलिक, होकायंत्राची नव्हे. दगड, रंग, आकड्यांची लिपी काहीही घ्या. आकार मात्र वाढवू नका: अर्धा अक्ष 3 मीटर केला तर 1.6 मीटर उंचीच्या माणसाची सावली दुपारी दगडाच्या निम्म्या वाटेपर्यंतच पोचते. 2 मीटरवर हात डोक्यावर जोडले की पुरते.