१५ सेकंदांची लाट

मे महिन्यात आमच्या भंडारा जिल्ह्यात सकाळी दहानंतर रस्त्यावर फक्त कुत्री दिसतात, तीही सावलीला. अशाच एका दुपारी कूलरसमोर पडलो होतो आणि मालवणहून भाच्याचा फोन आला. मित्रांची टोळी घेऊन तो कोकणात गेला होता. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायचं, म्हणजे ते सर्फिंग, शिकायचं त्याच्या डोक्यात होतं. "मामाजी, इथं तं समुद्र झोपूनच हाये," तो म्हणाला. "वारा नाई, ढग नाई. तरी बी लाल बावटा लावून ठेवला अन् पाण्यात जाऊ देत नाई. काहून?"

पाठोपाठ त्याने मोबाईलवरच्या अंदाजाचा फोटो पाठवला. आकाश निरभ्र, तापमान ३३ अंश, वारा ताशी ६ किलोमीटर, लाट १.१ मीटर, १५ सेकंद, दिशा दक्षिण-नैऋत्य. पोराने त्यातलं तापमान वाचलं, आमच्या ४५ अंशांवरून मला चिडवलं, १.१ मीटर म्हणजे कमरेएवढं पाणी असं मनाशी ठरवलं आणि बाकीचं सोडून दिलं. '१५ सेकंद' या दोन शब्दांकडे टोळीतल्या एकानेही पाहिलं नाही. लाल बावट्याचं कारण तिथेच लिहिलेलं होतं.

मी समुद्रापासून सरळ रेषेत ५०० किलोमीटरहून दूर राहतो, तेव्हा मी लाटांवर बोलणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आमच्याकडे तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेलेले आणि आता सरकारदप्तरी 'माजी मालगुजारी' म्हणून नोंदलेले. त्याचं लोकांनी 'मामा तलाव' केलं. मामाने लाटा शिकायच्या तर मामा तलावावरच.

लाट वारा उठवतो, हे शाळेत झालेलं आहे. ती किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि त्याला पाण्यावर किती लांब मोकळं रान मिळालं. आमच्या तलावावर वावटळ येऊ दे नाहीतर वळवाचा वारा, रान अर्ध्या किलोमीटरचंच. एका पाळीवरून, म्हणजे बांधावरून, निघालेली लाट मोठी होण्याआधीच दुसऱ्या पाळीवर आपटते. तिच्या दोन माथ्यांमध्ये जेमतेम एक सेकंद जातो. एक माथा गेल्यापासून पुढचा येईपर्यंतच्या या वेळेला आवर्तकाळ म्हणतात. तो १५ सेकंदांवर न्यायचा असेल तर वादळी वारा शेकडो किलोमीटर पाण्यावर दिवसभर किंवा त्याहून जास्त वाहायला हवा. मालवणला तर त्या दिवशी ताशी ६ किलोमीटर वारा होता. एवढ्या वाऱ्यावर धान उपणता येत नाही.

मग ती लाट आली कुठून? दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मे तापतो तेव्हा तिकडे हिवाळा जवळ येत असतो आणि वादळांमागून वादळं चाललेली असतात. तिथे दहा-दहा मीटरच्या लाटा ही काही नवलाई नाही. आणि त्या पट्ट्यापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत हिंदी महासागर उघडाच आहे. अंतर सुमारे ७,००० किलोमीटर. वादळ तिथेच विरतं, लाट निघून येते. अशा जन्मगाव सोडून आलेल्या लाटेला इंग्रजीत 'स्वेल' म्हणतात.

आता माझ्या आवडीचा भाग. इथे थोडं गणित आहे, पण ते पाढ्यांपलीकडे जात नाही.

खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या उंचीवर ठरत नाही, आवर्तकाळावर ठरतो. सेकंदांना ५.६ ने गुणलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. आमच्या तलावातली एक सेकंदाची लाट ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे पाळीवरून भरभर चालणाऱ्या माणसाबरोबर चालते. १५ सेकंदांची लाट ताशी ८४ किलोमीटर पळते आणि तिच्या दोन माथ्यांमध्ये ३५० मीटर अंतर असतं. जितकी लांब, तितकी वेगवान. आवाजाचं असं नसतं. बासरी आणि ढोल यांचा सूर तुमच्या कानापर्यंत एकाच वेगाने येतो, नाहीतर दूरच्या लग्नातला बँड ऐकवला नसता. पाण्यावरच्या लाटा मात्र प्रवासात आपोआप वेगळ्या होत जातात.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, वाचकाला हे सांगायला मंडई पुरे. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. तिच्यातलं रात्रीचं नाटक पहाटे संपतं आणि सगळे एकदम निघतात. किलोमीटरभरावरच्या गावातून पाहिलं तर मोटरसायकली, सायकली, बैलबंड्या, पायी माणसं असा एकच गोंधळ. २० किलोमीटरवरच्या गावात मात्र अर्ध्या तासाने फक्त मोटरसायकली येतात, दोन तासांनी सायकली आणि बंड्या पार ऊन चढल्यावर. वादळातही सगळ्या आकारांच्या लाटा एकदम उठतात, तिथला समुद्र गोंधळाचाच असतो. ७,००० किलोमीटरनंतर किनाऱ्यावर आधी लांब लाटांची टोळी येते, मग त्यांच्यापेक्षा आखूड, मग आणखी आखूड. म्हणून स्वेल एवढी शिस्तीत दिसते.

आणि गंमत म्हणजे हे उलटही चालवता येतं. मोटरसायकल आणि सायकल यांचे वेग माहीत असतील, त्या दीड तासाच्या फरकाने आपल्या गावातून गेल्या असतील, तर मंडई २० किलोमीटरवर होती आणि केव्हा सुटली, हे घरबसल्या सांगता येईल. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने हेच केलं. दुसऱ्या महायुद्धात त्याने आणि हाराल्ड स्वेरड्रुपने सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधायची पद्धत बसवली, १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीतही ती वापरली गेली. पुढे १९६३ मध्ये त्याने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात मोजणीची ठाणी मांडली. येणाऱ्या लाटांचे सेकंद दिवसागणिक कसे कमी होतात एवढ्यावरून वादळ किती दूर आणि केव्हा झालं हे काढलं. अंटार्क्टिकाजवळच्या वादळांच्या लाटा अलास्कापर्यंत, १०,००० किलोमीटरहून जास्त, पोहोचत होत्या.

आता इथे एक मेख आहे. ताशी ८४ किलोमीटरने ७,००० किलोमीटर म्हणजे साडेतीन दिवस. प्रत्यक्षात १५ सेकंदांची स्वेल मालवणला यायला सात दिवस लागतात. दुप्पट! कारण लाटेचा माथा एका वेगाने जातो आणि लाटांचा तांडा, ज्यातून ऊर्जा वाहते, तो बरोबर निम्म्या वेगाने. पटत नसेल तर तलावावर जा. दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा दगड टाका आणि पसरणाऱ्या वलयांपैकी एकाच माथ्यावर नजर ठेवा. तो तांड्याच्या मागच्या बाजूला उगवतो, सगळ्यांमधून पुढे सरकतो आणि पुढच्या टोकाला जाऊन नाहीसा होतो. मागून दुसरा उगवतो. म्हणजे जो माथा वादळात निघाला तो किनाऱ्यावर येतच नाही. (मी हे नववीच्या पोरांना दाखवलं तेव्हा अर्ध्यांनी दगडच मोजले. गणित सोडून द्या, दगड टाकून बघा.) थोडक्यात, प्रवासाच्या वेगासाठी सेकंदांना ५.६ ऐवजी २.८ ने गुणायचं: १८ सेकंदांची लाट ताशी ५० किलोमीटरने पावणेसहा दिवसांत, १२ सेकंदांची पावणेनऊ दिवसांत.

एवढ्या प्रवासात तांडा पसरतो, विरळ होतो, दहा मीटरची उंची एक मीटरवर येते. खोल समुद्रात ती लाट होडीतल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. भाच्याचा समुद्र 'झोपलेला' होता तो असा.

किनाऱ्यावर आल्यावर तिचं रूप बदलतं. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोहोचते. पाच सेकंदांच्या लाटेला तळ लागतो तो २० मीटर खोलीवर, १५ सेकंदांच्या लाटेला १७५ मीटरवरच. तळ लागला की ती मंदावते, मागची ऊर्जा पुढे दाटते आणि उंची वाढते. म्हणून खोल समुद्रात एक मीटर असलेली ५ सेकंदांची लाट फुटताना सव्वा मीटरही भरत नाही आणि तेवढ्याच उंचीची १५ सेकंदांची लाट पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. माणसाच्या डोक्यावरून.

"पण मामाजी, हा किनारा तं आडोशाचा हाये," असं भाच्याचं म्हणणं. खरं आहे. कोकणात उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापली की वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुटतो आणि चार-पाच सेकंदांच्या आखूड लाटा उठतात. उत्तरेला डोंगराचं नाक आणि पुढ्यात खडक असलेल्या खाडीवजा किनाऱ्यावर त्या लाटा बाहेरच अडतात, आत पाणी तलावासारखं. आडोसा खरा, पण तो आखूड लाटेला. लांब लाट वळते. धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरचं एक चाक जास्त चिखलात गेलं की ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो. लाटेचं जे टोक उथळ पाण्यात असतं ते मंदावतं आणि अख्खी लाट किनाऱ्याकडे वळत येते. १५ सेकंदांच्या लाटेला हे वळण घ्यायला कितीतरी किलोमीटर मिळतात. वळताना ती पसरते, त्यामुळे आत जोर कमी होतो हेही मान्य. कमी होतो, संपत नाही.

त्यातून ती एकसारखी येत नाही. १५ आणि साडेचौदा सेकंदांच्या लाटा एकत्र आल्या की सुमारे सव्वासात मिनिटांनी एकदा त्यांचे माथे जुळतात. चार-सहा लाटा दणक्यात येतात, मग पाणी निवांत. पर्यटक त्या निवांतपणात उतरतो. किनाऱ्यावरचा जुना माणूस आधी पाव तास नुसता बसून पाहतो. मोठ्या लाटांनी आत लोटलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने परत समुद्राकडे धावतं, त्या ओढीत सापडलंच तर तिच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं.

केरळात या वर्दी न देता अंगावर येणाऱ्या समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. ३१ मार्च २०२४ ला तो तिथे घरांत शिरला होता, आभाळ मोकळं असताना. हैदराबादचं 'इन्कॉइस' हे समुद्राचे अंदाज देणारं केंद्र आता अशा लाटांचा इशारा काही दिवस आधी देतं. आधी देता येतो, कारण लाट वाटेतच असते.

दोन बिनबुडाच्या गोष्टी सांगून टाकतो. एक, 'अमावस्येला समुद्र खवळतो.' अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाण्याची पातळी चढते, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी. चंद्राचं काम तिथे संपलं. लाट वाऱ्याची लेक. दोघं एका दिवशी आले तर पाणी जास्त आत येतं, पण त्यासाठी पंचांग आणि इशारा दोन्ही पाहावे लागतात; मोबाईलवर 'महाभयंकर योग' सांगणाऱ्या महाराजांना आवर्तकाळ विचारून बघा. दुसरी गोष्ट बातम्यांची. 'मुंबईत आज ४.८ मीटरच्या लाटा उसळणार' हे दर पावसाळ्यात वाचायला मिळतं. तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो, जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेला. त्या दिवशी लाटा अर्ध्या मीटरच्याही असू शकतात. आणि अंदाजातला लाटेचा आकडाही सरासरीचा असतो, सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट निघू शकते. १.१ मीटर वाचून कंबर मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

संध्याकाळी भाच्याचा परत फोन. बावट्याजवळच बसून त्यांनी एका खडकावर आपटणाऱ्या लाटा मोजल्या होत्या, 'एकशे एक, एकशे दोन' करत. चौदा, पंधरा, चौदा, सोळा. "अन् मामाजी, दहा मिनिटं काईच नाई, मंग एकदम पाच आल्या, आमच्या चपला गेल्या." उन्हं उतरल्यावर मी पण तलावाच्या पाळीवर गेलो. वारा सुटला होता. मोजायला लागलो, पण 'एकशे एक' तोंडातून पुरतं निघायच्या आत पुढची लाट दगडाला लागत होती.