हीथ्रोच्या पोटातले दोन रिकामे फलाट

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये सुरू झालं. त्याच्या तळघरात सहा फलाट आहेत. दोन फलाटांवर हीथ्रो एक्सप्रेस आणि एलिझाबेथ लाइनच्या गाड्या लागतात, दोनवर पिकाडिली लाइन या लंडन मेट्रोच्या. उरलेले दोन पश्चिम आणि दक्षिणेकडून येणाऱ्या मार्गांसाठी राखले होते. तिथे आजवर एकही प्रवासी गाडी लागलेली नाही.

हीथ्रोला रेल्वे कमी पडते असं नाही. पिकाडिली लाइन १९७७ मध्ये पोहोचली, एक्सप्रेस १९९८ मध्ये, आणि २०२२ पासून एलिझाबेथ लाइन धावते. पण हे सगळे मार्ग पूर्वेला, लंडनकडे जातात. पश्चिमेच्या रेडिंगहून निघालेला प्रवासी गाडीने विमानतळ ओलांडून हेज अँड हार्लिंग्टनपर्यंत जातो, गाडी बदलतो आणि उलटा मागे येतो. नाहीतर १९६७ पासून चालणारी रेलएअर बस पकडतो.

यावरचा सर्वांत तयार प्रस्ताव पश्चिम जोडमार्गाचा. लँगली आणि आयव्हर या स्थानकांदरम्यान रेडिंग-लंडन मुख्य मार्गातून फुटून टर्मिनल ५ पर्यंत साडेसहा किलोमीटर, त्यातले सुमारे पाच भुयारातून. तासाला चार गाड्या, रेडिंगहून अर्ध्या तासाच्या आत विमानतळ, स्लाउहून सहा-सात मिनिटांत. २०१२ मध्ये सरकारने तो जाहीर केला, २०२१ मध्ये काम थांबवलं.

साडेसहा किलोमीटरच्या या मार्गात खरी गाठ आहे ती फाट्यावर. तिथे चार रूळमार्ग आहेत: दक्षिणेला दोन जलद, उत्तरेला दोन धीमे. विमानतळ दक्षिणेला. म्हणजे धीम्या मार्गावरच्या गाडीला दोन्ही जलद मार्ग ओलांडावे लागणार. जलद गाडी ताशी २०० किलोमीटरने येते आणि थांबायला तिला सुमारे दोन किलोमीटर लागतात. सपाट सांध्यावरून एक गाडी आडवी काढायची, तर सांधा फिरवून कुलूपबंद करणं, सिग्नल देणं आणि गाडीची शेपटी बाहेर पडणं यात जलद मार्ग तीनेक मिनिटं अडतो. तासाला जाऊन-येऊन आठ फेऱ्या धरल्या, तर २४ मिनिटं गेली. म्हणून नवे रूळ जलद मार्गांच्या खालून न्यावे लागतात. खर्च वाढतो, पण इथे काटकसर केली तर रोजचं वेळापत्रक कोलमडेल. लंडनच्या बाजूच्या स्टॉकली फाट्यावरही क्रॉसरेलसाठी (एलिझाबेथ लाइनच्या प्रकल्पाचं नाव) नवा उड्डाणपूल बांधावा लागला, तो याच कारणाने.

या जोडमार्गाचा दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही, आणि मला तोच मोठा वाटतो. टर्मिनल ५ आज शेवटचं स्थानक आहे. तिथे तासाला एक्सप्रेसच्या चार आणि एलिझाबेथ लाइनच्या दोन अशा सहा गाड्या येतात. दोन फलाट, म्हणजे प्रत्येक गाडीच्या वाट्याला २० मिनिटं. प्रवासी उतरणं-चढणं आणि मोटरमनने दुसऱ्या टोकाला जाणं (एलिझाबेथ लाइनची गाडी २०५ मीटर लांब आहे) यात दहा-बारा मिनिटं जातात. उरलेली आठ-दहा मिनिटं उशीर पचवायला. गाड्या दहा केल्या, तर वाटा १२ मिनिटांवर येतो आणि पाच मिनिटं उशिरा आलेली गाडी मागच्या गाडीला भुयारात उभी करते. तीच गाडी सरळ पश्चिमेला पुढे निघून गेली तर फलाट तीन मिनिटांत मोकळा. फलाट न वाढवता क्षमता वाढते ती अशी.

दक्षिणेची गोष्ट जास्त अवघड, कारण तिकडे वीजच वेगळी. विमानतळाच्या मार्गावर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी, तर दक्षिणेच्या जाळ्यात रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळात ७५० व्होल्ट डीसी. एक मेगावॉट शक्तीला तारेतून ४० अँपिअर पुरतात, तिसऱ्या रुळातून १,३०० पेक्षा जास्त घ्यावे लागतात. म्हणून डीसी मार्गावर उपकेंद्रं जवळजवळ उभारावी लागतात. उपाय दुहेरी विजेच्या गाड्यांचा. मुंबईकरांना त्या नव्या नाहीत: १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीकडे जाण्याचं काम २०१६ मध्ये पूर्ण होईपर्यंत लोकलच्या तशा रेकनीच तो काळ निभावला. एका विजेवरून दुसऱ्या विजेवर जाण्याचा हा बदल भुयाराच्या मधोमध न करता फलाटावर, गाडी उभी असताना करावा. लंडनच्या आरपार उत्तर-दक्षिण धावणारी थेम्सलिंक ही रेल्वेसेवा तो स्थानकातच करते. पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) वर गेला नाही, तर निदान प्रवासी उतरवता येतात.

विजेचा प्रश्न सुटला तरी फाटकांचा राहतो. टर्मिनल ५ वरून स्टेन्समार्गे जाणारा एअरट्रॅक हा प्रस्ताव २०११ मध्ये मागे घेतला गेला, त्यात एगम परिसरातल्या फाटकांवरून उठलेला विरोध मोठा होता. गाड्या वाढल्या की फाटक जास्त वेळ बंद राहतं, आणि रस्त्याची कोंडी गावाच्या माथी येते. दिव्याच्या फाटकाने मध्य रेल्वेची किती लोकल अडवली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा विरोध अवाजवी वाटणार नाही. नंतर आलेल्या हीथ्रो सदर्न रेल्वे या खासगी प्रस्तावाने ते टाळण्यासाठी एम-२५ महामार्गालगतची नवी वाट सुचवली.

दोन्हींत आधी पश्चिमेचा मार्ग घ्यावा. वीज एकच, फाटकं नाहीत, आणि फाटा नीट बांधला तर लंडनकडच्या गाड्यांनाही टर्मिनल ५ मध्ये अडकून राहावं लागणार नाही.