सजावटी देवनागरी फॉन्टचं मूळ खिळ्यांत नाही

एखाद्या स्वतंत्र डिझायनरने देवनागरीचा सजावटी फॉन्ट आणला की ‘प्रेरणा कुठली?’ हा प्रश्न येतोच. उत्तरासाठी जुन्या छापखान्यांचे खिळे, म्हणजे धातूत ओतलेली सुटी अक्षरं, धुंडाळले, तर हाती फारसं लागत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मुंबईत देखणे टाइप ओतले, पण ते पोथ्या-पुस्तकांच्या वाचनासाठी. मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून एका संचाला शेकडो खिळे लागत. टिळकांनी ‘केसरी’साठी ही संख्या 190 च्या आसपास आणण्याचा खटाटोप केला, तो उगाच नव्हे. नुसत्या मथळ्याच्या नक्षीसाठी एवढा संच ओतवणार कोण?

नक्षी फुलली ती हाताने अक्षर काढायची मोकळीक होती तिथे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळेसारख्या शिळाप्रेसमध्ये चित्राइतक्याच सहजपणे अक्षरही दगडावर रेखता येई. पुढे दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आले, नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं आली. माझ्या मते खरी शाळा हीच. पेंटरचा ‘श्री’ नीट पाहा: शिरोरेघ कुठे तोडायची, वेलांटी पुढच्या अक्षरावर किती झुकवायची, हे तो जागेवर ठरवतो. खिळ्याला ते जमत नाही.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या काळात पुणे या धंद्याचं माहेरघर झालं. सी-डॅक या सरकारी संस्थेचे ‘सुरेख’, ‘योगेश’ हे फॉन्ट आणि मॉड्युलर कंपनीची ‘श्रीलिपी’ यांवर पेठांमधल्या लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल निघाले. पण त्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या आकारांसाठी जागा जेमतेम 256. म्हणजे पुन्हा खिळ्यांचाच जाच. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरवून दिलेले संगणकी क्रमांक) आणि ओपनटाइप (फॉन्ट-फाइलचा प्रकार) आल्यावर तो सुटला. एका फॉन्टमध्ये हजारो आकार मावू लागले, आणि एकट्या माणसालाही पेंटरची लकब फॉन्टमध्ये उतरवणं शक्य झालं.

कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून आला. त्यातली रोमन अक्षरं देवनागरीच्या वळणाने जातात. एरवी उलटंच घडतं: रोमनच्या मापात देवनागरी कोंबतात, आणि ते डोळ्यांना खुपतं. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या ‘मोदक’ने तर कुठल्या पाटीचीही वाट पाहिली नाही. अक्षर इतकं गुबगुबीत, की आतली पोकळी फटीएवढी उरते. बारीक मजकुराला तो लावू नये. मथळ्याला मात्र झकास.