३१ वर करून बघा, मग ४ कोटी अंकांचं कोडं उलगडेल

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली, आता बँकांचे पासवर्ड फुटणार. काहीही! बँकेच्या एन्क्रिप्शनला लागतात साधारण तीनशे अंकी मूळ संख्या आणि त्या गुप्त असाव्या लागतात, ही तर सगळ्या जगाला माहीत असलेली एक संख्या, तब्बल ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची, तिने कुणाचंही कुलूप उघडत नाही.

ती आहे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांटने गिम्प्स प्रकल्पातून, म्हणजे स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर अशा मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून, शोधली. पण ती मूळच आहे हे ठरवलं कसं? शाळेतल्यासारखं २, ३, ५, ७ ने भाग देत बसलो तर सूर्य विझेल तरी संपायचं नाही. इथे येते '२ चा घात वजा १' अशाच संख्यांसाठी असलेली लुकास-लेमर टेस्ट, आणि ही मला मनापासून आवडते कारण ती कागदावर पाच मिनिटांत करता येते.

२ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ घ्या. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा, परत तेच. ४ चे झाले १४. १४ चे १९४, बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य! घात ५ म्हणून पायऱ्या ३, घातापेक्षा दोन कमी. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही.

आता खरी गंमत. १९४ ला भागायचीही गरज नाही. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं, तर १९४ म्हणजे ११००००१०. उजवीकडचे पाच बिट, म्हणजे ०-१ चे पाच अंक, तोडा, ०००१० म्हणजे २, उरले ११० म्हणजे ६, बेरीज ८, तीच बाकी! कारण ३२ ला ३१ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून सहा वेळा ३२ असले तरी बाकीत भर फक्त ६ ची. मोठ्या संख्येलाही हीच युक्ती, फक्त पायऱ्या १३ कोटी ६२ लाखांवर आणि वर्ग करायला फोरियर ट्रान्सफॉर्म ही अवाढव्य संख्यांचा गुणाकार झटपट करायची गणिती पद्धत लागते. डब्लिनमधल्या जीपीयूवर (एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणारी चिप) ११ ऑक्टोबरला आधी 'बहुतेक मूळ' असा निकाल आला, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या जीपीयूवर लुकास-लेमरने शिक्कामोर्तब केलं.

गाडीच्या नंबरात एमएच ०४ च्या पुढच्या आकड्यांची बेरीज करून 'लकी' नंबर सांगणाऱ्यांकडे असला कुठलाच पुरावा नसतो, तरी लोक जादा पैसे मोजतात. संख्यांचं वेड असावं तर ठाण्यात शाळा शिकलेल्या गणिती द. रा. कापरेकरांसारखं.

आणि टेस्टमध्ये शून्य आलं नाही तर? संख्या मूळ नाही हे पक्कं, पण तिचे अवयव काही कळत नाहीत. २ चा ६७ वा घात वजा १ घ्या, फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ म्हणून यादीत टाकली होती, १८७६ मध्ये टेस्टच्या नावातल्याच लुकासने ती मूळ नसल्याचं दाखवलं, पण भाग कशाने जातो ते १९०३ पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, मग अमेरिकन गणिती फ्रँक कोलने शोधून काढलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.