ऑनलाइन समुपदेशन, इंदूर

ऑनलाइन समुपदेशन म्हणजे फोन, व्हिडिओ कॉल किंवा चॅटवर, ठरलेल्या वेळी, शिकलेल्या समुपदेशकाशी बोलणं. एक सेशन साधारण ४५-५० मिनिटांचं, बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा. नोकरी गेली, घटस्फोट झाला, रिटायरमेंट आली, मुलं पुण्या-बंगळुरूला गेली नि घर एकदम सुनं झालं, किंवा काही खास घडलं नसतानाही छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, अशा मोठ्या माणसांसाठी ही सोय. वेड लागलं तरच असल्या ठिकाणी जायचं ही समजूत अजून घरोघरी आहे आणि तिच्यामुळे माणसं वर्षानुवर्षं विनाकारण सोसत राहतात.

इंदूरच्या मराठी घरांना याचा फायदा जरा जास्तच आहे. होळकरांच्या काळापासून इथे वसलेली घरं, रामबाग असो की लोकमान्य नगर, सगळे एकमेकांना ओळखून, त्यामुळे क्लिनिकमध्ये कोणी बघितलं तर काय म्हणतील ही धास्ती खरी असते. दुसरं म्हणजे भाषा. बाजारात, ऑफिसात आपण हिंदी सहज बोलतो, पण आईच्या आजारपणाबद्दल किंवा नवऱ्याशी तुटलेल्या बोलण्याबद्दल सांगताना आतून मराठीच येते, आणि ऑनलाइन असलं की ठाण्या-पुण्याचा मराठी समुपदेशक इथे बसून मिळतो, जो आपल्या नात्यागोत्यातला नाही.

सेशनमध्ये नुसते सल्ले देत नाहीत. सुरुवातीला बऱ्याचदा चिंता किती आहे हे मोजणारी जीएडी-७ सारखी प्रश्नावली भरून घेतात, ७ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण ० ते २१, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करायला सांगतात. मग काम सुरू. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, खूप वापरतात, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात ती उभी केली. समजा बॉसचा मेसेज आला ‘भेटून जा’, आणि मनात लगेच ‘आता काढणार’ असं आलं, तर तो विचार कागदावर लिहायचा, त्याच्या बाजूचं काय आणि विरुद्ध काय ते बघायचं, आणि भेटायला जायचंच, कारण टाळलं की चिंता तेवढ्यापुरती कमी होते आणि पुढच्या वेळी वाढून येते. चिंता आणि नैराश्यात व्हिडिओवरच्या सीबीटीचा परिणाम समोरासमोर बसण्याइतकाच चांगला दिसलाय.

आपल्याकडे याला जोर आला कोविडमध्ये. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, डॉक्टरांना दुरून तपासणं रीतसर झालं. पुढे १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन सुरू केली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, हिंदीबरोबर मराठीतही. खासगी सेशनची फी परवडत नसेल तर सुरुवात इथूनच करा.

माणूस निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण समुपदेशक ही पाटी कोणीही लावतं, चार दिवसांचा कोर्स करूनसुद्धा. शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात लाजायचं काही नाही. गोळ्या लिहून देणं हे समुपदेशकाचं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनाच्या आजारांच्या डॉक्टरचं. सांगितलेलं कोणाला कळणार नाही ना, कॉल रेकॉर्ड होतो का, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

घरात एकांत नसणं ही सगळ्यात मोठी अडचण, बाजूच्या खोलीत सासू-सासरे असले की माणूस ‘हो, बरंय’ एवढंच बोलतो. म्हणून कोणी गच्चीवर जातं, कोणी पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतं, इअरफोन लावतं, आणि हे समुपदेशकाला आधीच सांगितलं तर तो प्रश्नही तसेच विचारतो, हो-नाहीत उत्तर देता येईल असे. पण जीव द्यावासा वाटतोय, कानात आवाज येतायत, घरात मारहाण होतेय, तर पुढच्या आठवड्याच्या सेशनची वाट बघत बसायचं नाही. लगेच जवळचं हॉस्पिटल गाठायचं किंवा ११२ ला फोन करायचा, आणि भरवशाच्या कोणीतरी सोबत थांबायचं.