ग्रिड पॅरिटी : गोव्यातील सौर वीज

ग्रिड पॅरिटी (वीजजाळ्याशी दरसमता) म्हणजे सौर संचातून मिळणाऱ्या विजेचा प्रतियुनिट खर्च वीजजाळ्यातील विजेच्या दराइतका किंवा त्याहून कमी होणे. ग्राहकाच्या मीटरपाशी तुलना केल्यास ती किरकोळ समता, वीजकेंद्राच्या दाराशी केल्यास घाऊक समता.

भारतात घाऊक समता केव्हा आली, याविषयी एकमत नाही. मे 2017 मधील राजस्थानच्या भडला येथील लिलाव (2.44 रु. प्रतियुनिट) ही खूण सहसा मानली जाते, काहीजण डिसेंबर 2020 मधील गुजरातच्या 1.99 रु. या बोलीपर्यंत थांबतात. दोन्ही दरांत साठवणुकीचा खर्च नाही आणि आंतरराज्य पारेषण शुल्काची (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज वाहून नेण्याच्या आकाराची) माफी त्या काळात चालू होती. बहुतेक सर्व वीज बाहेरून आणणाऱ्या गोव्यासाठी म्हणूनच किरकोळ समतेची कसोटी अधिक सयुक्तिक दिसते.

हिशेबाची खरी मेख व्याजदरात आहे. 3 किलोवॉटचा संच 1,80,000 रुपयांना पडला, वर्षाला 4,050 युनिट मिळाले, आयुष्य 25 वर्षे आणि देखभाल वर्षाला किमतीच्या दीड टक्का धरली, तर 9 टक्के व्याजाने युनिट सुमारे 5.20 रुपयांना पडते. 6 टक्क्यांनी 4.15 आणि 12 टक्क्यांनी 6.35. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे (2024) 78,000 रुपयांचे अनुदान वजा केल्यास 9 टक्क्यांचा आकडा 3.25 च्या आत येतो. बाराव्या वर्षाच्या सुमारास इन्व्हर्टर बदलावा लागतो, त्याचा सुमारे पाव रुपया वेगळा. पॅनेलची वार्षिक घट (अंदाजे अर्धा टक्का) येथे धरलेली नाही.

गोव्यातील घरगुती दर टप्प्यांचे असून पहिल्या 100 युनिटांचा दर अलीकडे 2 रुपयांच्या आसपास आहे. नेट मीटरिंगमध्ये (जाळ्यात सोडलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत) सौर युनिटे आधी बिलाचा वरचा, महाग टप्पा खातात. संच गरजेपेक्षा मोठा घेतला की उरलेली युनिटे या स्वस्त टप्प्याची जागा घेतात आणि तेथे समता मोडते. स्थिर आकार तर भरावाच लागतो. त्यामुळे अधिक दर भरणाऱ्या हॉटेले, शीतगृहे व कारखाने यांना समता आधी लाभली. बिलाच्या सरासरी दराशी केलेली तुलना फसवी असते, ती या टप्प्यांमुळेच.

किलोवॉटमागे साधारण 10 चौ.मी. सावलीमुक्त छप्पर लागते. माडाच्या एका झावळीची सावलीही पॅनेलांच्या सबंध माळेचे उत्पादन खाली आणू शकते. मंगलोरी कौलांवर सांगाडा वाशांना बांधावा लागतो. कौलातून आरपार बोल्ट मारला की पावसात गळती ठरलेली. किनाऱ्यालगत साधे लोखंडी बोल्ट खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजतात. 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. जून ते ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घटते.

वीज गेली की जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टरही बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये. पावसाळ्यातील खंडित पुरवठ्यावर उपाय म्हणून बॅटरी जोडल्यास वरचे आकडे लागू राहत नाहीत.